सरपंचांची बोथट सुरी

आठवडी बाजारात चिंचेखाली बसून शेवंता सुऱ्या-विळ्यांना धार लावायची. फांदीला झोळीत तान्ही लेक आणि पायाशी धारेचं चाक. ती जागा सरपंच अप्पासाहेबांना मेहुण्याच्या टपरीसाठी हवी होती.

एका बाजारी ते नातवाला कडेवर घेऊन आले. सकाळीच तिच्याकडून धार लावून नेलेली सुरी दाखवत चारचौघांत म्हणाले, "ही अजून बोथटच आहे. फसवणाऱ्या बाईला इथं जागा नाही. उचल चाक."

जागा गेली तर लेकीला घेऊन उन्हातान्हात दारोदार हिंडावं लागणार. शेवंतानं त्यांच्याकडून सुरी घेऊन तिनंच टोमॅटो चिरून दाखवला.

"पिकला टोमॅटो बोटानंही फुटतो," अप्पासाहेब म्हणाले.

तिनं दोरा कापला.

"दोरा तर माझी आजी दातानं तोडायची." लोक हसले.

शेवंतानं सुरी मुठीकडून अप्पासाहेबांच्या हातात दिली. नातू मघापासून सुरीकडे झेपावत होता. शेवंता हळूच म्हणाली, "द्या की त्याला खेळायला. बोथटच आहे ना?"

अप्पासाहेबांनी झटकन सुरी उंच धरली. "वेडी का तू? बोटं तुटतील पोराची."

मग मासेवाली गंगूमावशी आपला कोयता पुढं करत म्हणाली, "माझ्यापण कोयत्याला असलीच बोथट धार लाव गं."

अप्पासाहेब मान खाली घालून निघाले, तशी शेवंता त्यांच्या मागं धावली.

"थांबा अप्पासाहेब, सुरी फडक्यात गुंडाळून देते. पोर कडेवर आहे तुमच्या."