मार्तंडाचा एकट्याचा स्नूकर

आमच्या निंबगावात एक भोळा मार्तंड राहतो. वय छत्तीस, लग्न व्हायचंय. घरात तो आणि थोरली बहीण, अक्का. मधली भिंत आमची, त्यामुळे मला सगळं कळतं. कान लावावा लागत नाही.

पुण्याच्या भाच्याने त्याला एक खेळ पाठवला. घरबसल्या स्नूकर. टेबल नाही, काठी नाही. पत्ता ओढायचा, त्यावर चेंडूचा रंग. मग फासा टाकायचा. एक पडला की फाऊल, डाव समोरच्याचा.

पहिल्याच फाशाला एक पडला. मार्तंड हात बांधून बसला. जेवण निवलं, तरी बसलेलाच.

"काय रे?"

"समोरचा यायचाय, अक्का."

"अरे बाबा, एकट्याचा खेळ ना हा? समोरचाही तूच! अडलं की उठायचं आणि पलीकडे बसायचं."

मार्तंडाला पटलं.

रविवारी दोघं मुलगी बघायला गेले. शेवाळ्यांची सुलभा. मार्तंडाला दहा ठिकाणांहून नकार आलेले, अक्काने देव पाण्यात घातलेले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पुढचा विचार काय?"

मार्तंड अडला. पोह्यांची बशी घेऊन उठला, सुलभाशेजारी जाऊन बसला आणि आपल्याच रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "मुलगा बरा वाटतो. काय गं सुलभा?"

सुलभा खुदकन हसली. वडीलही हसले. "विनोदी आहेत हो! गुरुवारी घर बघायला येतो."

रस्त्यात अक्काने कान पिळला. "परत जागा सोडलीस तर बघ! काही विचारलं की माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की 'हो' म्हणायचं. जास्त बोलायचं नाही."

मार्तंडाला हेही पटलं.

गुरुवारी अक्का पहाटेपासून चकल्या तळत होती. दुपारी शेवाळे आले. मार्तंड पत्ते मांडून बसलेला. अक्का चहा देऊन भिंतीला टेकली आणि टेकताक्षणी तिला डुलकी लागली. मान खाली, मान वर.

शेवाळ्यांनी पत्ते पाहिले, फासा पाहिला. "हे काय? जुगार खेळता?"

मार्तंडाने अक्काकडे पाहिलं. मान हलत होती.

"हो."

"रोज?"

"हो."

शेवाळ्यांनी कप खाली ठेवला. "मग दारूही घेत असाल!"

पुन्हा अक्काकडे पाहिलं. छान हलत होती.

"हो."

"वा! आता आधीचं एक लग्नही झालंय म्हणा!"

"हो."

शेवाळे ताडकन उभे राहिले. "आणि मुलं? मुलं किती?"

मार्तंडाने अक्काकडे पाहिलं. मान हलत होती, पण मानेतून आकडा काही कळेना. जागा तर सोडायची नव्हती. त्याने बसल्या बसल्या फासा टाकला.

"सहा," तो आनंदाने म्हणाला, "आणि डाव अजून चालू आहे."