गल्ल्याशेजारचा स्पीकर

मिरजेत पेटी शिकवणाऱ्या प्रमिलाताई आवट्यांचा जुना स्पीकर बंद पडला, म्हणून त्या नेन्यांच्या दुकानात गेल्या. पाच हजारांचा मागितला, तसं नेन्यांनी नाक मुरडलं.

"तो डबा आहे, ताई. ज्याचा कान तयार, त्याने हा ऐंशी हजारांचाच घ्यावा. माझा कान तीस वर्षं या धंद्यातच तयार झालाय."

ताई ओशाळल्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, दुकानात मघापासून भीमपलास चाललाय, आणि तो गल्ल्याशेजारच्या तसल्याच डब्यातून येतोय.

"मग तो डबाच द्या," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तयार झालेल्या कानाने स्वतःसाठी जो निवडला, त्याला मी कशी नावं ठेवू?"

नेने खोकं काढायला उठले आणि उठता उठता त्यांनी भीमपलास बंद केला.