पिवळ्या डोळ्यांचे अस्वल

मुलांनो, आपल्याच पोटात काय चालले आहे, हे तुम्ही कधी डोकावून पाहिले आहे का? एका अस्वलाने पाहिले होते. कसे ते ऐका.

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात ते राहत असे. चैत्रात मोहाची फुले टपटप गळत, खडकाच्या खळग्यात साचत आणि तिथल्या पाण्यात आंबत. ते पाणी प्यायले की अस्वलाला वाटे, झाडे हलकेच डुलत आहेत आणि आपण ढगावर निजलो आहोत. म्हणून ते रोज पिऊ लागले. हळूहळू त्याची भूक गेली, लघवी गडद झाली, झाडावर चढताना धाप लागू लागली. झाडावरची खारूताई एकदा खाली वाकून म्हणाली, "अस्वलदादा, डोळ्यांना हळद लागली की काय? लग्न ठरलं आणि आम्हाला बोलावणं नाही?"

"हळद कसली! मध खाणारा प्राणी मी. मधाचा रंग उतरलाय डोळ्यांत," अस्वल ऐटीत म्हणाले.

"थट्टा पुरे. टेकडीपलीकडे वैद्य हत्तीणबाई आहेत, त्यांना दाखवून ये."

तेवढ्यात कोल्हा आला. "एवढ्या लांब कशाला? ही कावीळ. मी उतरवतो," असे म्हणून त्याने कोवळ्या काड्यांच्या बारीक गाठी मारून एक माळ केली आणि अस्वलाच्या डोक्यावर ठेवली. "माळ लांबत खाली येईल, तशी कावीळ उतरेल. पायाशी आली की संपली. मोहाचं पाणी खुशाल पी. मला तेवढं मधाचं एक पोळं दे."

खारूताई कळवळून म्हणाली, "दादा, गेल्या साली रानडुकराची माळही पायाशी आली होती. पण तो पुन्हा उठलाच नाही रे!"

अस्वलाने ऐकले नाही. माळ खरोखरच लांबली. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून पोटावर आली. अस्वल खूश झाले, पोटभर मोहाचे पाणी प्यायले आणि भरदुपारी सावलीत झोपी गेले.

झोपेत ते एका उबदार, तांबूस गुहेत शिरले. उजव्या बरगड्यांच्या आडोशाला एक बाई सूप घेऊन पाखडत बसली होती. वरून फळे येत, मध येई, वाळवी येई. ती चांगले ते रक्ताच्या ओढ्यात सोडी आणि वाईट बाजूला टाकी. मोहाचे पाणी आले की मात्र सूप भिजे आणि त्याची एकेक काडी उसवे.

"बाई, तुम्ही कोण?" अस्वलाने विचारले.

"मी तुझं यकृत. तू जन्मलास तेव्हापासून इथेच आहे."

"सूप इतकं फाटलं, मग मला हाक का नाही मारली?"

"मला दुखून ओरडता येत नाही रे. म्हणून तुझ्या डोळ्यांत पिवळी खूण लावली. तू तिला मधाचा रंग म्हणालास." ती हात न थांबवता पुढे म्हणाली, "अजून अर्धं सूप शाबूत आहे. मला विसावा दिलास, तर उसवलेलं मी पुन्हा विणून घेईन. पण सगळंच उसवलं, तर मग माझ्या हाती काही नाही."

अस्वल दचकून जागे झाले. पोटावरच्या माळेकडे बोट दाखवून त्याने विचारले, "खारूताई, मग ही लांबली कशी?"

"ओल्या काड्या वाळल्या, गाठी सैल झाल्या, म्हणून लांबली. तुझ्या पोटातलं तिला काय ठाऊक?"

अस्वलाने माळ काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे पिवळेच होते. ते खळग्यापाशी थांबले नाही. ओढ्याचे स्वच्छ पाणी प्यायले आणि झाडाझाडाला टेकत, टेकडीपलीकडे हत्तीणबाईंकडे चालत गेले.

तात्पर्य : यकृत ओरडत नाही, फक्त खूण करते, ती दिसताच उताऱ्यांत दिवस न घालवता वैद्य गाठावा, आणि जे यकृताला सोसत नाही ते तोंडात घालू नये.