गुणगुणीचा बंदोबस्त

"…मग ही गुणगुण मारायची कशी, ते तरी सांगा, चाचा!"

दस्तगीरचाचा पानाला चुना लावत राहिले.

चाचा म्हणजे साऊंडवाल्यांचे पीर. तारेवरून मुंगी चालली तर ती कुठल्या पायानं लंगडते, हे त्यांना स्पीकरमधून कळतं म्हणे. मुंगीला कुणी विचारलेलं नाही, पण मिरजेकडची माणसं शपथेवर सांगतात.

सन्मती चौगुले त्यांचा चेला. हात चपळ, जीभ त्याहून. आज टेकडीवरच्या उरुसात सुमित्राबाईंचं गाणं होतं, आणि चाचांनी शब्द दिला होता : मांडव शांत कर, मिक्सरची खुर्ची तुझी.

पण मांडव शांत होईल तर ना! बाई गाणार हलक्या आवाजात, आणि स्पीकरमध्ये ही अखंड "हूंऽऽ". जणू आत भुंग्यांची जत्रा भरलेली.

"ऐक," चाचा एवढंच म्हणाले.

"सकाळपासून ऐकतोयच की! आता मीच गुणगुणायला लागलोय."

"मग बरं चाललंय."

सन्मती तणतणत मांडवामागं गेला. पक्कड काढली आणि मिक्सरच्या प्लगची ती तिसरी, अर्थिंगची जाड पिन उपटून फेकून दिली.

गुणगुण गेली! एकदम.

"झालं! उठा चाचा, खुर्ची सोडा."

"वा रे माझ्या शेरा!" चाचा खूश दिसले. "आता जरा गा."

"मी?"

"तूच. बाई गातात तसं. माईकला ओठ टेकवून. आणि चप्पल काढ, बाई काढतात."

सन्मती माईकपाशी गेला. मघाशी पिन उपटल्यावर मिक्सरच्या पत्र्याला हात लागला, तेव्हा बोटांना झिणझिण्या आल्या होत्या; आणि माईकची वायर त्याच पत्र्याला जोडलेली. तो कुणाला बोलला नव्हता.

ओठ माईकपासून वीतभर अंतरावर थबकले.

…

"गा की," चाचा मायेनं म्हणाले. "मांडव केवढा शांत आहे."

सन्मती मागं सरला. मेन स्विच पाडला, तीन पिनांचा नवा प्लग बसवला, स्विच वर केला.

भुंगे परत आले.

"आले," तो मान खाली घालून म्हणाला.

"आले ना? मग विचार त्यांना, कुठनं आलात."

सन्मती वायरीमागून चालत निघाला. मिक्सरची वीज दर्ग्यातून घेतलेली, अ‍ॅम्प्लिफायरची जनरेटरवरून. दोघांची अर्थिंग दोन ठिकाणी गाडलेली. एका घरात दोन कारभारी. मधल्या वायरीत कुजबुज होणारच! त्यानं सगळं बंद केलं, लांब वायर ओढली आणि दोघांना एकाच बोर्डावर आणलं.

स्विच वर केला.

…

टेकडीखालच्या ओढ्यात माशानं कूस बदलली असती, तरी ऐकू आली असती.

सन्मतीनं खुर्चीकडं पाहिलंही नाही. माईकला टेस्टर लावून बघितला. दिवा पेटला नाही. मग चपला काढल्या, माईकला ओठ टेकवले आणि शाळेतली प्रार्थना म्हटली. अशी बेसूर, की जनरेटरखाली झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या गावाला गेलं. नुकत्याच आलेल्या सुमित्राबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

चाचा उठले. खांद्यावरच्या रुमालानं खुर्ची झटकली, सन्मतीला दंडाला धरून तीत बसवलं.

"यापुढं प्रत्येक गाणाऱ्याच्या आधी तू गायचंस."