मंजूर झालेली शर्यत

जनावरांकडे रेडिओ होता आणि माणसांकडे नव्हता, त्या काळातली गोष्ट.

जंगलाच्या राष्ट्रीय रेडिओचा केंद्रसंचालक होता रेडा. आधी लिहून आणा, मग माझी सही, मगच माईक, असा त्याचा खाक्या. सकाळी कोकिळा गायची, पण तान कुठे घ्यायची ते कागदावर ठरलेलं. दुपारी माकडाचं प्रहसन. त्यात हसायच्या जागांवर रेड्याच्या लाल खुणा असत आणि तिथे तरस इमानेइतबारे हसत.

एकदा काळवीट आणि सिंहमहाराजांचा भाचा यांची शर्यत ठरली. पोपट म्हणाला, "साहेब, शर्यत उद्या आहे. समालोचन आज कसं लिहू?"

"जमत नसेल तर सांग," रेडा म्हणाला. "मैना रिकामीच आहे."

पोपटाने लिहिलं. रेड्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी भाचा अर्ध्या वाटेतच दम लागून बसला. काळवीट केव्हाच रेषा ओलांडून गेला. पोपट कागदावरून वाचत होता, "काय ही भाचेसाहेबांची मुसंडी! जिंकले!" कानाला रेडिओ लावून मैदानातच बसलेल्या प्रेक्षकांनी भाच्याला खांद्यावर घेतलं.

काळवीट धापा टाकत घरी पोचला. बायको म्हणाली, "हरलात ना? ऐकलं मी."

"अगं, मी जिंकलो!"

"मग रेडिओ काय खोटं बोलतो?"

संध्याकाळी समालोचन पुन्हा लागलं. काळविटाने कान टवकारून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि उसासा टाकला.

"थोडक्यात हुकली गं!"