केरबानं कर्नलचं पाकीट वाचलं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा तोंडावर म्हणायचा शब्द. पाठीमागे गाव दुसरा शब्द वापरायचं, आणि तोच खरा होता.

तिशी उलटली तरी केरबाचं लग्न जमेना. शेवटी वरच्या आळीच्या सुभेदारांनी आपली लेक शेवंता द्यायचं कबूल केलं. शेवंतालाही तो पसंत होता. खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढी याच्याकडे नाही, हे तिनं हेरलं होतं. पण सुभेदारांची अट होती. त्यांनी नोकरीभर कर्नलांचे हुकूम झेललेले, म्हणून कुत्र्याचं नाव ठेवलं होतं कर्नल, आणि आता त्या कर्नलला ते ऊठबस करायला लावत. लग्नापर्यंत महिनाभर हा कर्नल केरबानं सांभाळायचा. कुत्रा ठणठणीत राहिला तर लग्न, रोडावला तर मोडलं. ज्याला कुत्रं सांभाळता येत नाही तो बायको काय सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं.

कुत्रा सोडून जाताना त्यांनी बजावलं, "याला पाकिटातलं खाणं लागतं. आणि पाकीट वाचल्याशिवाय घालायचं नाही."

केरबा दुसरी पास. त्यानं कर्नलला समोर बसवलं आणि अक्षराखाली बोट धरून पाकीट मोठ्यानं वाचायला घेतलं. कारखान्याच्या पत्त्यापर्यंत पोचला तोवर कुत्रा उपाशीच झोपला. केरबाला वाटलं, ऐकूनच पोट भरलं. असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी शेवंताला कर्नलच्या बरगड्या दिसल्या. "अहो, कुत्र्याला नाही वाचून दाखवायचं," ती म्हणाली. "दुकानात घेताना वाचायचं. जे नाव पहिलं, तेच आत जास्त असतं. कोंबडी पहिली असली तर घ्या. मका पहिला असला तर ठेवून द्या."

केरबा दुकानात गेला. पाकिटावर ठळक अक्षरात होतं, 'कुत्र्यांसाठी पौष्टिक आहार'. पहिलं नाव कुत्र्याचं. म्हणजे आत कुत्राच जास्त. केरबानं चार गिऱ्हाइकांदेखत दुकानदाराला पापी म्हटलं आणि कोंबडी पहिली असेल असा माल धुंडाळला. कोपऱ्यात एक पोतं सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'कोंबडी खाद्य'.

पोतं घरी आलं. कर्नल हुंगायचा आणि बाजूला व्हायचा. शेजारच्या कोंबड्या येऊन त्याच्या ताटलीत जेवून जायच्या. केरबा त्यांना हाकलत नसे. पहिलं नाव त्यांचं, त्यांचा हक्क, म्हणायचा.

शेवंतानं कपाळाला हात लावला. पुढच्या ठळक अक्षरांना भुलायचं नाही, तिनं समजावलं, मागची बाजू बघायची. खरं काय ते मागं बारीक अक्षरात असतं.

केरबानं हे घोकलं. त्याच संध्याकाळी सुभेदारांची थोरली बहीण नवरदेव बघायला आली. नथ, शालू, सगळं जागच्या जागी. केरबा पाया पडला आणि म्हणाला, "आत्याबाई, जरा पलीकडे तोंड करा. पुढच्या बाजूवर माझा भरोसा नाही."

आत्याबाई वळल्या त्या थेट लग्न मोडायलाच निघाल्या. शेवंतानं दोन दिवस त्यांची मनधरणी केली.

मग केरबानं मागची बाजू वाचून पाकीट आणलं. कोंबडी पहिली, मका तळाला. कर्नलनं चाटूनपुसून खाल्लं आणि दिवसभर परसाकडेच पळत राहिला. शेवंतानं पाकीट तपासलं. मुदत गेल्या साली संपलेली. लग्नाला उरले होते दहा दिवस. आता तिनं केरबाला समोर बसवलं आणि तीनदा म्हणवून घेतलं: छापलेली मुदत टळली असली तर माल घ्यायचा नाही, देणाऱ्याच्या हातात परत द्यायचा आणि ताजा मागायचा.

केरबानं तसंच केलं. ताजं पाकीट आलं, कर्नलनं बाळसं धरलं, सुभेदार खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा केरबाचं बरोबर आलं. तिथंच घोटाळा झाला, कारण धडा पक्का बसला.

लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा. पण वऱ्हाड वेळेवर मंडपात आणील असा बँडवाला अजून जन्मायचाय. दोस्तमंडळी वेशीत नाचली, चावडीपुढं नाचली, उकिरड्यापाशीसुद्धा नाचली. केरबा बोहल्यावर चढला तेव्हा दोन वाजले होते. अंतरपाट धरला गेला. भटजींनी घसा साफ केला. केरबाला बाजूच्या खांबावर लग्नपत्रिका चिकटवलेली दिसली. त्यानं ती वाचली. घड्याळ बघितलं. मग अंतरपाटाखालून वाकून पलीकडे गेला, शेवंताचा हात धरला आणि सुभेदारांच्या हातात ठेवला.

"मामा, मुदत टळलीय. ही परत घ्या, ताजी द्या."

सुभेदार काठी शोधायला लागले. शेवंता मात्र जागची हलली नाही. "मी अकरापासून हार घेऊन उभी आहे," ती म्हणाली. "टळलंय कोण?"

केरबानं विचार केला. माणूस प्रामाणिक, आपलीच मुदत टळली हे त्याला पटलं. त्यानं मुंडावळ्या सोडून भटजींकडे दिल्या, सगळ्यांची माफी मागितली आणि ताजा नवरा आणायला निघून गेला. वऱ्हाडानं जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो सुभेदारांच्या दारात हजर. अंघोळ केलेली, फेटा कालचाच.

"मामा," तो म्हणाला, "कालचा माल परत नेला. हा आजचा."