आत्या तापली का?

फार वर्षांपूर्वी, करंदपठारावर धुकं गुडघ्याएवढं साचून राहायचं त्या काळी, तिथे ठकाआत्या नावाची बाई होती. बटाट्याचं बेणं कापावं तर तिनंच. तिच्या हाताला गुण होता. फोडीफोडीला डोळा राखून ती असं कापायची की मातीत पडण्याआधीच कोंब फुटायचे, असं म्हणतात. लागवड आली की विळी काखोटीला मारून ती घरोघर फिरायची. तिची विळी लागल्याशिवाय कुणी बेणं मातीत घालत नसे.

एक रखमा सोडून. आत्याकडून हळदीकुंकवाला बोलवायचं राहिलं म्हणून ती तिच्यावर रुसली होती आणि आपलं बेणं आपणच वेडंवाकडं कापायची. गाव तिला हसायचं.

मग एका साली पठाराला दृष्ट लागली. पानं आकसून गोळा झाली, झाडं खुजी राहिली, खाली बटाटे सुपारीएवढे. त्यातलंच बेणं ठेवलं, तर पुढलं साल त्याहून वाईट. पठारावरून बटाटा उठणार, अशी वेळ आली. आत्या रानोरान फिरली. धुक्यात तिला एकच वावर हिरवंगार दिसलं. रखमाचं.

त्या बांधावर बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. मातीतल्या बेण्याचे सगळे डोळे उघडले आणि विचारू लागले, असं म्हणतात, "आत्या, एकीचं दुखणं दुसरीला का पाजलंस?"

आत्यानं मांडीवरच्या विळीकडे पाहिलं. आजारी बेण्याचा चीक अंगावर घेऊन ती विळी घरोघर गेली होती. गुण हाताला होता, पण दुखणं विळीला लागलं होतं. आत्याला फार रडू आलं.

ती उठली ती थेट रखमाच्या दारात.

"रखमे, बोलावणं चुकलं माझं. आज कापायला नाही, मागायला आलेय. गावाला तुझं बेणं दे."

रखमा म्हणाली, "देते. पण कापायचं तुम्हीच, आत्या. माझ्या निम्म्या फोडींना डोळाच राहत नाही. अन् आधी पातं माझ्या चुलीत धरा. बाळाची नाळ कापताना तापवतो ना? मग बेण्याला काय जीव नाही?"

गावानं आजारी झाडं उपटून जाळली. पुढल्या लागवडीला रखमाच्या चुलीत पातं लाल झालं, तेव्हा त्यातून पांढऱ्या पाखरांचा थवा निघाला आणि धुरासोबत कौलांतून उडून गेला, असं म्हणतात. मग आत्या घरोघर गेली, पण प्रत्येक दारात आधी निखारे मागून. त्या साली पठारावरची पानं तळहातासारखी उघडली.

आत्याला जाऊन किती पिढ्या लोटल्या. करंदपठारावर विळीला अजून आत्याच म्हणतात. शेजारच्या घरातून ती आली की घरची सून हात पुढे करत नाही, निखाऱ्यांकडे बोट दाखवते आणि विचारते, "आत्या तापली का?"

तापली म्हटल्यावरच बेणं कापतात. आणि पहिली फोड अजूनही रखमाच्या वावरात जाते.